भांडगावचा निळा नवरदेव

आधी माझ्याविषयी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यानंतर येतं. मी ज्योतिबा ठोंबरे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून खाजगी गुप्तहेर एकच, आणि तो मी. मधून भीमा वाहते, आणि दोन्ही काठांवरचे गुन्हेगार मला वचकून असतात. हे गुन्हेगार कोण ते अजून कुणाला कळलेलं नाही, यावरूनच वचक केवढा आहे ते समजावं. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक मुंगीचं. उंची बेताची आहे, पण उंच माणसाला पाळत ठेवता येत नाही, म्हणून मी ती वाढवली नाही. दिवसा मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत असतो. लोक त्याला नोकरी म्हणतात. मी त्याला सराव म्हणतो.

माझा मदतनीस संपत. हा माझ्या बायकोचा भाऊ. त्याच्याकडे मोटारसायकल आहे म्हणून मी त्याला नेमलं, आणि बहिणीनं दटावलं म्हणून तो आला. त्याला अनुमान काढता येत नाही. तो नुसता बघतो आणि दिसेल ते बोलतो. या धंद्यात याच्याइतका मोठा दुर्गुण दुसरा नाही.

दोन हजार नऊ सालच्या मे महिन्यात कारेगावच्या दगडोबा आबांनी मला भरदुपारी बोलावून घेतलं. आबांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आबांनी मात्र कारखान्यातल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधल्या, त्या भाड्यानं दिल्या आणि त्याच्याच जोरावर यंदा शेजारी बंगला उभा केला. मला त्यांनी बंगल्याच्या हॉलमध्ये बसवलं. छताला पीओपीची नक्षी, नक्षीत गोल भोकं आणि प्रत्येक भोकात चकतीसारखा एकेक एलईडी दिवा. अख्ख्या गावात असे दिवे पहिल्यांदाच लागले होते. हॉल पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला होता. घरची माणसं स्वयंपाकघरातच बसायची. दिवे मी गेलो तेव्हा बंद होते. बाहेर ऊन मरणाचं होतं आणि उजेडाची गरज नव्हती.

आबांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात हकीकत सांगितली. त्यांची मुलगी हर्षदा. तिला पाहायला भांडगावची माणसं आली होती. मुलगा मल्हार, त्याचे वडील म्हस्कूआप्पा आणि आई रतनबाई. वाटेत जीप पंक्चर झाली, म्हणून त्यांना पोचायला संध्याकाळ झाली. घर आपल्यातलंच, बागायती, टोमॅटो आणि झेंडू करणारं. बोलणं छान झालं. चारच दिवसांत तिकडून होकारही आला. पण आबांना झोप लागत नव्हती, कारण मुलाचा चेहरा.

चेहरा कसा, असं मी विचारलं. आबा म्हणाले, निळसर. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, ओठ जांभळे, गालफडं बसलेली. समोरच्या सोफ्यावर टेकला तेव्हा त्यांना वाटलं, हा चहा संपेपर्यंत तरी टिकतो की नाही. हर्षदाच्या आईनं, सुवर्णाकाकूंनी, त्याच्या पुढ्यातली भजी मुद्दाम उचलून घेतली होती, तेलकट बाधायला नको म्हणून.

"एकुलती एक पोर हाय, जोतिबा," आबा म्हणाले. "काय रोग हाय तेवढा शोधून काढ. नकार द्यायचा तर साखरपुड्याआधी दिल्याला बरा."

मी निघालो तेव्हा हर्षदा फाटकाशी उभी होती. बी.कॉम. झालेली, शिरूरला पतसंस्थेत कामाला जाणारी, सरळ बघून बोलणारी मुलगी. तिनं मला थांबवलं.

"दादा, तुम्ही चौकशीला निघालाय ते मला माहितीये," ती म्हणाली. "एक सांगते. माणूस आजारी असला तर असू द्या, औषधपाणी करता येतं. पण लपवणारा निघाला तर मला तिथं जायचं न्हाई. एवढंच बघून या."

त्या क्षणी हे प्रकरण माझ्या कीर्तीपेक्षा मोठं झालं. तसं क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि संपत न्हावऱ्यावरून चौफुल्याला गेलो आणि तिथून भांडगावला. मी टोमॅटोच्या व्यापाऱ्याचं वेषांतर केलं होतं. म्हणजे काळा गॉगल घातला होता आणि कानाला पेन लावलं होतं. शेतात पोचेपर्यंत माझी पहिली उपपत्ती तयार होती: हृदयविकार.

मल्हार बांधावर प्लास्टिकच्या कॅरेटांत टोमॅटो भरत होता. भरलेली दोन कॅरेटं एकावर एक ठेवून त्यानं ती छातीशी धरली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली. परत आला, पुन्हा दोन नेली. रंग उन्हानं रापलेला तांबूस, दात पांढरे, मान बैलासारखी. मला म्हणाला, व्यापारी असाल तर माल हातानंच पारखा. मी एक कॅरेट उचललं. ते थोडं वर आलं आणि मग मी खाली गेलो. पडल्या पडल्या मी त्याचा हात धरून नाडी मोजून घेतली. नाडी ठणठणीत लागली, मात्र हात मी जरा जास्त वेळ धरला असावा, कारण त्यानं संपतला बाजूला घेऊन विचारलं, पाव्हण्यांना काय होतंय का. संपतनं सांगितलं की हे नेहमीचंच आहे.

हृदयविकार बाद झाला. दुसरी उपपत्ती: व्यसन. मल्हार मधूनच शेडच्या मागं जात होता आणि येताना तोंड पुसत होता. मी सरपटत मागं गेलो. शेडमागं मातीचा माठ होता. मे महिन्यात माणूस पाणी पिऊ शकतो, ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती.

मग मात्र खरा धागा हाती आला. दोरीवर एकसारखे दोन शर्ट वाळत होते. उंबऱ्यापाशी एकाच मापाच्या चपलांचे दोन जोड होते. आणि तेवढ्यात घरातून रतनबाईंनी हाक दिली, "दोघंबी जेवाया या रं." मल्हार एकटाच तर समोर होता. मग दुसरा कोण?

परतीच्या वाटेवर मी संपतला निकाल सांगितला. मल्हार एक नाही, दोन आहेत. जुळे. एक पहिलवान, एक आजारी. धडधाकट शेतात ठेवायचा, आजारी बोहल्यावर चढवायचा.

संपत म्हणाला, दुसरा म्हंजी त्याचा बाप असंल, दाजी. शर्ट एकाच ताग्याचे, चपला एकाच मापाच्या, बापलेक जेवायला बसले. मी त्याला समजावलं की इतकं सोपं असतं तर गुप्तहेराची गरजच पडली नसती. यावर तो काही बोलला नाही. तो हरला की असाच गप्प बसतो.

आबांनी माझं म्हणणं ऐकलं आणि फोनकडे हात नेला. त्यांना तेव्हाच फोन करून सोयरीक मोडायची होती. मी थांबवलं. नुसता नकार देऊन भागणार नव्हतं, पुरावा हवा होता. मी सापळा सुचवला: साखरपुड्याची बोलणी करायला म्हणून त्यांना संध्याकाळच्या चहाला बोलवायचं आणि निरोप द्यायचा की घरातलं कुणी मागं ठेवू नका. हर्षदाला हे कळलं. ती नुसती आत गेली आणि साखरपुड्यासाठी कपाटात ठेवलेली अबोली रंगाची साडी बाहेर काढून पुन्हा आत ठेवली, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जीप आली. मी फाटकामागच्या कोरफडीआड दबा धरून बसलो होतो. जीपमधून म्हस्कूआप्पा उतरले, रतनबाई उतरल्या, त्यांच्या हातात स्टीलचा मोठा डबा. आणि मग मल्हार उतरला. तांबूस, तरतरीत. म्हणजे आज पहिलवान पाठवला होता. ते अंगणात टेकले, पाणी प्यायले, काकूंनी विचारपूस केली. अंधारून आल्यावर आबांनी हॉलचे दिवे लावले आणि सगळ्यांना आत नेलं.

मी आजारी जुळा जीपमध्ये दडलाय का ते पाहायला गेलो. सीटखाली शोधलं. मिळाली फक्त स्टेपनी. कोरफडीचे काटे काढत मी हॉलच्या दारात आलो आणि जागीच थिजलो.

सोफ्यावर निळा मल्हार बसला होता.

तेच डोळ्यांचे खड्डे, तेच जांभळे ओठ. मी जीपपाशी असताना भर घरात अदलाबदल झाली होती. मी धावत जाऊन दाराची कडी लावली. पडद्यामागं पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, दिवाण उघडून गाद्या उचकल्या. मग मधोमध उभा राहून जाहीर केलं की या घरात दोन मल्हार आहेत, आणि पहिला ताबडतोब हजर केला नाही तर परिणाम वाईट होतील.

मल्हारनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं की टोमॅटोचे व्यापारी इथं कसे. म्हस्कूआप्पांनी सरळ आबांना विचारलं की हा माणूस कोण. आबांना खोटं जमत नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं: मुलगा आजारी दिसला, शंका आली, चौकशी लावली. आप्पांच्या निळ्या चेहऱ्यावर आणखी एक निळी छटा आली. ते उठून उभे राहिले.

"माझं पोरगं आजारी?" ते म्हणाले. "तुमची पोर दिव्याखाली बसली तवा आमाला दिसली न्हाई व्हय? अंगात रगत न्हाई लेकराच्या. आमी त्वांड उघडलं का? उलट हिनं उन्हाळ्यात डिंकाचं लाडू वळून आणल्यात तिच्यासाठी."

रतनबाईंनी डबा पुढं केला. खरंच डिंकाचे लाडू होते, वर खारीक-बदामाची पूड. आबा म्हणाले, माझी मुलगी गाडी चालवत रोज शिरूरला जाते, तिला आजपर्यंत साधी सर्दी नाही. रतनबाई म्हणाल्या, मग हा रंग कसला? सगळ्यांनी हर्षदाकडे पाहिलं. ती पांढरीफटक दिसत होती. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आबा राखेसारखे, आप्पा वांग्यासारखे.

"दाजी," संपत म्हणाला, "तुमचाबी रंग गेलाय."

मी शोकेसच्या काचेत पाहिलं. काचेत एक मेलेला माणूस होता आणि त्यानं माझाच शर्ट घातला होता. विजेसारखी चौथी उपपत्ती चमकली: विषप्रयोग. चहातून. मी ओरडून सगळ्यांना कप खाली ठेवायला लावले. मी स्वतः चहा प्यायलो नव्हतो, पण वाफ लागली असणार. मी गालिच्यावर आडवा झालो आणि संपतला सांगितलं की बहिणीची काळजी घे. तो म्हणाला, घेतोच आहे.

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगची वेळ झालेली होती. इन्व्हर्टरची ऑर्डर दिली होती पण तो आला नव्हता. काळोखात कुणीतरी माझ्या पोटावर पाय दिला. स्वयंपाकघरातून सुवर्णाकाकू कंदील घेऊन आल्या, मला ओलांडून पुढं गेल्या आणि कंदील टीपॉयवर ठेवला. ठेवता ठेवता त्यांची नजर मल्हारच्या तोंडावर गेली. त्यांनी कंदील पुन्हा उचलला आणि त्याच्या चेहऱ्याजवळ नेला. मग रतनबाईंच्या, मग हर्षदाच्या.

"अवो, पोरगं तर चांगलं हाय की," त्या म्हणाल्या. "आन् पोरगीबी चांगली हाय. दिवं आजारी हायती."

त्या संध्याकाळी लाईट गेली तेव्हाच उजेड पडला. खात्री करायला काही वेळ वाट पाहावी लागली. लाईट आल्यावर काकूंनी बटणापाशी उभं राहून दिवे लावले, घालवले, पुन्हा लावले. लावले की हॉलभर मयताचं वातावरण, घालवले की कंदिलाच्या उजेडात सगळी माणसं बरी. मीसुद्धा बरा झालो. विष इतक्या झटपट उतरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मग काकूंनी दिव्यांच्या खरेदीचा किस्सा सांगितला, आणि आबा छताकडे बघत बसले. दुकानदारानं त्यांना विचारलं होतं, वॉर्म पाहिजेत की कूल. वॉर्म म्हणजे पिवळसर उजेड, कूल म्हणजे पांढरा, निळसर. आबांनी तेवढं ऐकून घेतलंच नाही. मे महिना, पत्र्याच्या खोल्या तापलेल्या, अंगाची लाही झालेली. ते म्हणाले, वॉर्म घेऊन मरायचंय का, कूलच द्या. दुकानाचं शटर उघडं होतं, भरदुपार होती, तिथं दिवे लावून पाहिले तरी उन्हापुढं काही कळलं नाही. घरी आल्यावर दिवे नेमके सोफ्याच्या डोक्यावर बसवले, त्यामुळं कपाळाची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर.

"आन् बसवल्यावर दोन दिवस हेच म्हणत हुतं," काकू म्हणाल्या, "हॉल कसा गार पडलाय बघ."

संपत पहिला हसला. मग रतनबाई. हसू पसरत गेलं, पण म्हस्कूआप्पांपर्यंत पोचलं नाही. ते दरवाजापाशी जाऊन कडी काढत होते. त्यांच्या मुलावर पाळत ठेवली गेली होती, त्यांच्यावर फसवणुकीचा आळ आला होता, आणि तो दिव्यानं घेतला नव्हता, माणसांनी घेतला होता. त्यांनी मल्हारला चल म्हणून सांगितलं. मी काही बोलणार होतो, पण संपतनं माझा दंड धरून ठेवला.

तेव्हा हर्षदा उठली. तिनं बापाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ती मल्हारसमोर जाऊन उभी राहिली.

"मी तुम्हाला आजारी वाटले होते ना?" तिनं विचारलं. "मग होकार का कळवला?"

मल्हारनं वडिलांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. कॅरेटं उचलताना तो इतका अवघडला नव्हता.

"बगितलं तवा वाटला," तो म्हणाला. "पण तुम्ही बोलायला लागला तवा न्हाई वाटला. म्हणलं, बोलणं हाय तसं असंल तर तब्येत करू नीट, दोघं मिळून."

रतनबाई हळूच म्हणाल्या की घरात तीन दिवस याच्यावरूनच भांडण चाललं होतं, आणि हा ऐकेना, म्हणून लाडू वळायला घेतले. आप्पांचा हात कडीवरून खाली आला. ते परत सोफ्यावर टेकले आणि कुणालातरी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मला फर्मावलं की व्यापारी, लाडू वाटा.

मी वाटले. मे महिन्यात डिंकाचे लाडू खाऊन आम्हा सगळ्यांनाच पुढं उष्णतेचा त्रास झाला, पण तो वेगळा विषय.

त्याच आठवड्यात दोन्ही घरं मिळून नवे दिवे घ्यायला शिरूरच्या दुकानात गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी सुरक्षेसाठी गेलो. काकूंनी पहिलं काम काय केलं, तर दुकानदाराला शटर खाली ओढायला लावलं. दुकानात अंधार झाला आणि मग एकेक दिवा लावून पाहायला सुरुवात झाली. मल्हारनं येताना शेतातले टोमॅटो आणले होते. प्रत्येक दिव्याखाली आधी टोमॅटो धरायचा, मग काकूंच्या साडीचा पदर, मग आबांचं तोंड. निळ्या दिव्याखाली टोमॅटो नासका दिसला. फार पिवळ्याखाली आबांना कावीळ झाली. मधल्या एका दिव्याखाली टोमॅटो लाल आणि आबा आबांसारखे दिसले, तो काकूंनी बाजूला काढला. दिवे सोफ्यावर नको, भिंतीच्या कडेनं बसवू, असं रतनबाईंनी सुचवलं. आप्पांनी किती बसवायचे यावर वाद घातला आणि त्यात ते आबांचे जुने मित्र असल्यासारखे रंगले. जुने निळे दिवे आबांनी गोठ्यात लावायचं ठरवलं. म्हशींच्या रंगात काही फरक पडणार नव्हता.

शेवटी दुकानदारानं विचारलं की मुलामुलीला विचारलं का. सगळ्यांनी वळून पाहिलं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, नमुन्याच्या फळीखाली, मल्हार आणि हर्षदा उभे होते. फळीत ओळीनं दिवे बसवलेले होते आणि ओळीतल्या शेवटच्या जागेखाली दोघं बराच वेळ अगदी मन लावून बघत होते. दुकानदारानं तिथूनच विचारलं, "तो पसंत हाय का?"

"हो," दोघंही एकदम म्हणाले.

मंडळी पुन्हा टोमॅटोकडे वळली. पण माझी नजर घारीची. मी जवळ जाऊन वर पाहिलं. त्या जागी फळीला गोल भोक होतं. दिवा बसवलेलाच नव्हता.

हा शोध मात्र माझा एकट्याचा आहे, आणि मी तो कुणालाही सांगितला नाही.